बसून बघायची फरशी

आमच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी चप्पल काढायला लावायचो. नवखा माणूस गोंधळायचा, आत देव मांडलाय की काय म्हणून इकडंतिकडं बघायचा. मी दाराशी ठेवलेल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचो आणि म्हणायचो, आता उभे राहा हिच्यावर, जरा पाय फिरवून बघा. न्हाणीची फरशी घेताना लोक नुसता रंग बघतात आणि पहिल्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी आपटतं, म्हणून ही पद्धत. एकदा तर एक नवरदेव लग्नाच्या आधी फरशी घ्यायला आला आणि दुकानातच घसरून बसला. त्यानं तीच फरशी घेतली, कारण ती त्याच्या होणाऱ्या बायकोनं फोटोत पसंत केली होती. पुढं काय झालं ते त्यानं कधी येऊन सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

केजच्या बाजाराच्या रस्त्याला आमचं टाइल्सचं दुकान आहे. आता पुतण्या बघतो, मी सकाळचा थोडा वेळ जाऊन बसतो आणि त्याच्या कामात अडथळा आणतो. या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या न्हाणीला मी गुलाबी फरशी दिली होती, ती त्यांना अजून सोसवत नाही. तरीही त्यांनी मला चार पानं लिहायला सांगितली. मी म्हटलं, फरशीवर काय लिहायचं, ती काय बोलते का? ते म्हणाले, तुम्ही बोलता की.

तर बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडं खेड्यापाड्यात टाइल्सला ‘स्टाईल’ म्हणतात. ‘मामा, स्टाईल दाखवा’ असं म्हणत माणूस आत येतो. न्हाणीच्या भिंतीला तीन प्रकारचा माल लागतो. खालच्या बाजूला गडद, तिला आम्ही डार्क म्हणतो. वर फिकट, ती लाइट. आणि दोन्हींच्या मध्ये चित्राची एक ओळ, तिला हायलाइटर म्हणतात. डार्क आणि लाइट नवरा पसंत करतो, त्यावर कुणी भांडत नाही. सगळं घोडं अडतं ते त्या एका चित्राच्या ओळीवर. तिच्यापायी माझ्या काउंटरसमोर नणंद-भावजयींनी अबोला धरलेला मी पाहिलाय.

पेटीवर कंपनीचा नंबर असतो, पण तो ना आमच्या लक्षात राहायचा ना गिऱ्हाइकाच्या. नावं बायकाच ठेवायच्या. धबधब्याची, फुटल्या बांगडीची, भिजल्या डाळीची. एकीनं नाव ठेवलं की ते शेजारच्या गावापर्यंत जायचं, आणि मग कुणीतरी सकाळी सकाळी जीपमधून उतरून विचारायचं, भिजल्या डाळीची शिल्लक हाय का? मोरबीच्या कारखान्यात ज्यानं ती फरशी काढली, त्याला हे कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं कोण जाणे.

चित्राचे नियमही असतात. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून देवाच्या फरश्या लावतात, पण न्हाणीत देव चालत नाही. मोर चालतो, पण भिंतीवर, पायाखाली नाही. निळा, हिरवा आणि भगवा हे आमच्या जिल्ह्यात नुसते रंग राहिलेले नाहीत. गिऱ्हाईक त्यांच्यावर बोट ठेवण्याआधी शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचार करायचं. त्यामुळे आमच्याकडं सगळ्यात जास्त खपला तो बदामी.

तेलगावचे दोन भाऊ होते. वाटणी झाली, घरात भिंत पडली, पण न्हाणी एकच राहिली. एकाला वांगी रंग हवा होता, दुसऱ्याला पिस्ता. दोघंही मागं हटेनात. शेवटी डावी भिंत वांगी आणि उजवी पिस्ता केली. समोरच्या भिंतीचे दोन भाग केले, त्यांची रेघ बरोबर नळावरून गेली. नळ तेवढा सामाईक राहिला. दुसरे एक पुढारी होते, त्यांनी हट्टानं टब बसवून घेतला. गावाला उन्हाळाभर टँकर. काही महिन्यांनी मी सहज गेलो तर टबात पाणी साठवून वर पत्रा झाकलेला आणि साहेब शेजारी बादली घेऊन आंघोळीला बसलेले. मला बघून म्हणाले, "लई उपयोगाची वस्तू दिलीत."

असे पुष्कळ सांगता येतील. पण मला सांगायचंय ते शकुंतलाआक्कांचं.

आक्का अंगणवाडीच्या सेविका होत्या. त्यांचे मालक, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, वायरमन होते, आता ते नाहीत. दोघांनी नोकरी करून केजमध्ये घर बांधलं, तेव्हा आक्का पहिल्यांदा दुकानात आल्या. बाकीचं बांधकाम आण्णा बघत होते. न्हाणी मात्र आक्कांनी स्वतःकडं ठेवली होती. माहेरी त्यांच्या घराला न्हाणीच नव्हती. घरामागं एक दगड आणि तीन बाजूंना तुराट्यांचा कूड, त्यातून रस्त्यानं जाणारा माणूस दिसायचा आणि त्यालाही आतलं दिसायचं. लग्नानंतर भाड्याच्या खोल्या, चार घरांत मिळून एक न्हाणी, बाहेर कुणीतरी कडी वाजवत उभं. हे त्यांनी मला फरश्या बघता बघताच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, मला माल नीट दाखवता यावा म्हणून.

इतकं अवघड गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. अंगणवाडीची बैठक झाली की येता-जाता दुकानात यायच्या. दुकानातल्या दिव्याचा रंग खोटा म्हणून फरशी उचलून दारात उन्हात न्यायच्या. बोट ओलं करून घासून बघायच्या. मी एकदा कमळाची चांगली फरशी दाखवली, कारण त्यांच्या घरात बुद्धमूर्ती आहे हे मला ठाऊक होतं. वाटलं, खूश होतील. तर म्हणाल्या, कमळ न्हाणीत कसं लावायचं, ते हॉलमध्ये लावीन. आणि खरंच हॉलसाठी वेगळी घेतली.

मग एक दिवस त्यांनी मला फरश्या भिंतीला टेकवून उभ्या करायला सांगितल्या आणि पदर खोचून त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. दुकानात पुरुषमंडळी होती. मी खुर्ची पुढं केली.

"खुर्ची ठिवा तिकडं," त्या म्हणाल्या. "आमी आंघोळ बसून करतो, उभं राहून न्हाई. मग फरशी बसूनच बघाया पायजे."

बसूनच त्यांनी बगळ्याची पसंत केली. फिकट निळ्यावर गवताची पाती आणि उडणारे पांढरे बगळे. एका बगळ्याचं चित्र दोन फरश्यांत मिळून पूर्ण व्हायचं. आणि ती ओळ सगळे लावतात तशी डोक्याच्या उंचीला नको, पाटावर बसलं की डोळ्यांसमोर यावी, असं त्यांनी आमच्या रफिक मिस्त्रींना बजावलं. रफिक मिस्त्री फरशी बसवण्यात आमच्या भागात एक नंबर. ते म्हणाले, आक्का, असं कुणी लावत नाही, दिसायला येडं दिसंल. आक्का म्हणाल्या, बघणार कोण हाय? मीच की. मिस्त्रींनी मुकाट्यानं लावली. पुढं मी कित्येक गिऱ्हाइकांना ‘बसून बघा’ म्हणून सांगायला लागलो. ऐकलं थोड्यांनीच.

मग वर्षं गेली. बगळ्याची कधीच बंद झाली. चित्राच्या फरश्या हळूहळू दुकानातून हलल्या आणि सगळीकडं करडा रंग आला. संगमरवराच्या रेघा, सिमेंटचा रंग, राखेचा रंग. हल्ली पोरं मोबाइलमध्ये फोटो आणतात आणि हेच पाहिजे म्हणतात. न्हाण्या देखण्या झाल्या यात शंका नाही. पण आता फरशीला कुणी नाव ठेवत नाही, आणि त्याची मला हुरहुर वाटते.

आक्कांचा मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला आहे. त्याची बायको सुजाता केजलाच एका शाळेत शिकवते आणि आक्कांजवळ राहते. आण्णा गेल्यावर आक्का विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग घरातली माणसं. त्यात एकदा त्या न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, जुनी गुळगुळीत फरशी काढा, धरायला दांड्या लावा. भिंतीतला नळही झिरपत होताच. मिलिंद सुट्टी काढून आला आणि माझ्याकडून खरखरीत करड्या फरश्या घेऊन गेला. खाली करडी, भिंतीला फिकट करडी. रफिक मिस्त्रींनी जुनी भिंत फोडली आणि सगळं नवं केलं. दांड्या लावल्या, बसायला खुर्ची ठेवली, उंबरा काढून टाकला. मी जाऊन बघून आलो. कुठंही चूक काढायला जागा नव्हती. मिलिंदनं आईसाठी जे करायला हवं ते सगळं केलं होतं.

तो परत पुण्याला गेला. त्यानंतर थोड्या दिवसांनी सुजाता शाळेतून परस्पर दुकानात आली आणि काउंटरपाशी उभी राहिली. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाली, "मामा, आक्का न्हाणीत जाईनात."

नवी न्हाणी झाल्यापासून त्या एकदाही आत गेल्या नव्हत्या. दारापर्यंत यायच्या, आत बघायच्या आणि मागं फिरायच्या. म्हणायच्या, हे आपलं घर नव्हं. लोकाच्या न्हाणीत मी काहून आंघोळ करू? सुजातानं समजावलं, मिलिंदनं फोनवरून समजावलं, शेजारच्या बायकांनी समजावलं. एकदा हात धरून आत न्यायला गेली तर आक्का ओरडल्या, मला कुणीतरी घरी सोडा म्हणून. तेव्हापासून सुजाता त्यांना खोलीतच ओल्या फडक्यानं पुसून घेत होती. आक्का तेवढा वेळ डोळे मिटून, अंग आखडून बसायच्या.

"ज्या बाईनं जन्मभर एक दिवस आंघोळ चुकवली नाही," सुजाता म्हणाली, "तिला मी अशी पुसतीय. मला बघवत न्हाई मामा. ती बगळ्याची फरशी कुठं मिळंल का?"

बगळ्याची बंद होऊन जमाना झाला होता. गोदाम उलटंपालटं केलं, तुकडासुद्धा निघाला नाही. भिंत फोडताना जुन्या फरशीचे तुकडे रफिक मिस्त्रींनी कुणाच्या तरी जोत्यात भरायला दिले होते. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट असते. उरलेली फरशी आमच्याकडं कुणी टाकून देत नाही. चुलीच्या कट्ट्याला लावतात, पिण्याच्या पाण्याच्या ओट्याला लावतात, दारातल्या पायरीला लावतात. गावातून जाताना मला अजून दिसतं, ही धबधब्याची, ही डाळीची, कुणाच्या न्हाणीतून उरली तेही आठवतं. बगळ्याची मी थोड्याच घरांत दिली होती. मी पुतण्याची गाडी काढली.

तेलगावातल्या दुसऱ्याच एका घरात नव्या सुनेनं भिंतीवर पांढरा रंग मारला होता. बगळे त्याखाली होते, पण आता काय उपयोग? मग सिरसाळ्याला एका आडत्याच्या घरी गेलो. न्हाणी पाडून तिथं गाडी लावायला जागा केलेली. पाण्याच्या ओट्यावर चांगल्या दोन बगळ्याच्या होत्या, पण सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्या, काढल्या तर फुटणार. मी परत निघालो तेवढ्यात आडत्याच्या आईनं मला हाक मारली. त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून एक फरशी ठेवलेली होती. पूर्ण, न फुटलेली, बगळ्याची. पंख आणि मान एवढंच, धड दुसऱ्या फरशीत. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्या. आमच्या बरणीला फडकं बांधीन." मी तिला दुसऱ्या दिवशी नवी फरशी पाठवून दिली.

मी फार आनंदात होतो. एका फरशीनं ओळ होत नाही हे कळत होतं. म्हणून दुकानातून चित्राच्या होत्या तेवढ्या फरश्यांची सॅम्पलंही बरोबर घेतली, बगळ्याच्या शेजारी त्यातली एखादी खपून जाईल या हिशेबानं. मनात चित्र तयार होतं. आक्का बगळा बघतील, ओळखतील, आणि सगळं जागेवर येईल.

आक्का हॉलमध्ये खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, केस नीट विंचरलेले, ते सगळं सुजाताचं काम. मला त्यांनी ओळखलं नाही. मी फरशी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, ही तुमची बगळ्याची, ओळखली का? त्यांनी मानेवरून, पंखावरून बोट फिरवलं. मग फरशी उचलून नाकाजवळ नेली.

"हिला लोणच्याचा वास येतुय," त्या म्हणाल्या. "अन् डाग बी हायेत. जुना माल खपवता व्हय?"

त्यांनी फरशी बाजूला सारली. सुजाताचं तोंड उतरलं. सिरसाळ्यापर्यंतची धावपळ, बरणीवरून काढलेली फरशी, सगळं फुकट गेलं होतं. मी उठायला लागलो.

"निघाला कुठं?" आक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दाखवा की. दुकान काहून उघडलंय मग?"

मी जन्मभर दुकानदारी केलेला माणूस. गिऱ्हाइकानं ‘दुसऱ्या दाखवा’ म्हटल्यावर हात आपोआप चालतात. मी सॅम्पलांचा गठ्ठा सोडला आणि फरश्या समोरच्या भिंतीला टेकवून उभ्या करायला लागलो. आक्का बघत होत्या. मग सुजाताला म्हणाल्या, पाट दे. सुजातानं पाट मांडला, हाताला धरून त्यांना खाली बसवलं. गुडघे दुखत असणार, पण त्या बसल्या.

आणि मग आमच्या आक्का परत आल्या. मला दुसरं काही म्हणता येत नाही. माणसांची नावं हरवलेली होती, घर हरवलेलं होतं, पण माल बघायची पद्धत जागची हलली नव्हती. एकीला म्हणाल्या, ही जेवायच्या ताटावाणी दिसती. दुसरीला म्हणाल्या, हिच्याकडं बघून थंडी वाजती. एक उचलून उन्हात धरायला लावली. बोट ओलं करून घासलं. तिसरीच्या फुलांना नाकं मुरडली. शेवटी एका पिवळ्या फुलांच्या फरशीपाशी थांबल्या. हिरवट जमिनीवर बारीक काटेरी पिवळी फुलं, मला ती कधीच फार आवडली नव्हती आणि खपतही नव्हती, म्हणून पेटी तशीच पडून होती.

"ही करडईची," त्या म्हणाल्या. "ही लावा."

"कुठं लावायची आक्का?" मी विचारलं. मला खरं तर धाकधूक होती.

"न्हाणीत."

"कुणाच्या?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की असला बावळट दुकानदार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नसावा. "पसंत कुणी केली?" त्या म्हणाल्या. "अन् बसल्यावर दिसंल अशी लावा. नाहीतर लावताल टाळक्याच्या वर."

मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, मामा, लगेच लावा. रफिक मिस्त्रींनी करड्या भिंतीतली एक ओळ जपून कापून काढली आणि तिथं करडईची बसवली, खुर्चीवर बसलं की डोळ्यांसमोर येईल अशी. दांड्यांना हात लावला नाही, खालच्या खरखरीत फरशीलाही नाही. आक्का बाहेर खुर्ची टाकून लक्ष ठेवून होत्या. मिस्त्री चहाला उठले की विचारायच्या, माणूस किती येळा च्या पितो? मिस्त्रींना त्यांनी ओळखलं नव्हतं, पण बोलणं जुन्या ओळखीचं होतं. मिस्त्री हसत होते आणि मधूनच उपरण्यानं तोंड पुसत होते.

सिमेंट वाळू दिलं. मग सुजाताचा फोन आला की आक्का सारखं विचारतायत, दुकानदार आला नाही का, काम बघायला? म्हणून मी सकाळीच गेलो. सुजातानं पाणी काढून ठेवलं होतं. आक्का तिचा हात धरून न्हाणीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. रोज इथूनच त्या मागं फिरत होत्या. त्यांनी आत बघितलं. करडी भिंत बघितली, दांडी बघितली, मग ती पिवळी ओळ बघितली.

"लावली व्हय," त्या म्हणाल्या.

"लावली की," मी म्हटलं.

"सरळ हाय," त्या म्हणाल्या आणि दांडीला धरून आत गेल्या. सुजाता मागोमाग जायला लागली तर वळून म्हणाल्या, "तू कुठं निघाली? भाईर थांब. न्हाणी माझी हाय."

सुजातानं दार थोडं किलकिलं ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं आतून पाण्याचा आवाज आला. मग तांब्या बादलीला लागल्याचा, मग परत पाण्याचा. आक्कांनी घाई केली नाही. सुजाता तोंडाला पदर लावून रडत होती. मलाही आवरलं नाही, मी हॉलमध्ये जाऊन उगीच भिंतीवरची कमळाची फरशी बघत उभा राहिलो. इतकी वर्षं माल विकला, पण त्या पाण्याच्या आवाजाइतकं समाधान मला दुसऱ्या कशानं झालं नाही.

एका ओळीनं सगळं कायमचं सुधारलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन-तीन दिवसांनी आक्का पुन्हा दारातून मागं फिरल्या. फरशी पसंत केलेली त्या विसरल्या होत्या. तेव्हा सुजातानंच युक्ती काढली. करडईची एक फरशी उरली होती, आणि मी दुसरी एक तिथंच विसरून आलो होतो. आता रोज सकाळी ती पाट मांडते, आक्कांना बसवते, दोन्ही फरश्या भिंतीला टेकवून ठेवते आणि विचारते, कोणती लावायची? आक्का नीट बघतात, बोट ओलं करून घासतात आणि करडईवर हात ठेवतात. मग सुजाता त्यांना न्हाणीच्या दारात नेते आणि दाखवते, ही बघा, लावली. आक्का आत जातात. शाळेची वेळ सांभाळून हे रोज चालतं, आणि ती कधी घाई करत नाही.

एकदा आक्कांनी दुसऱ्याच फरशीवर हात ठेवला. सुजाता क्षणभर घाबरली. मग म्हणाली, ह्या मालाची गाडी उद्या येणार हाय, आज ह्याच न्हाणीत भागवा. आक्कांनी ते मानलं. माल नसला की आम्ही दुकानदार जन्मभर हेच सांगत आलो. मी तिला म्हटलं, पोरी, तू धंद्यात पाहिजे होतीस.

ती परवा दुकानात आली होती, शाळेच्या न्हाणीघराच्या फरशीची चौकशी करायला. मी आक्कांचं विचारलं. बऱ्या आहेत म्हणाली, आंघोळ रोज होते. मग म्हणाली, "मामा, मी रोज फरश्या दाखवते ना, त्या मला दुकानातली बाई समजतात. सून म्हणून आता अजिबात ओळखत न्हाईत."

मी तिच्याकडं खुर्ची सरकवली.

"काल आंघोळ करून आल्या," सुजाता म्हणाली, "ओले केस पुसत शेजारच्या काकूंजवळ बसल्या अन् माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, ही दुकानातली बाई लई जीव लावती. अशी सून मिळाया पायजे होती मला."

सांगताना ती हसत होती. मग शाळेची फरशी न बघताच तिनं पिशवी उचलली, कारण आक्कांच्या चहाची वेळ झाली होती.